स्टार मास्क चुकतो कुठं, दुरुस्त करायचा कसा: सोलापूरच्या आकाशातले फोटो प्रोसेस करताना

स्टार मास्क म्हणजे फोटोतले तारे वेगळे दाखवणारा काळा-पांढरा नकाशा; त्याच्या आधारानं फक्त ताऱ्यांवर, किंवा तारे सोडून बाकीच्यावर प्रक्रिया करता येते. ताऱ्यांभोवती काळी कडी उमटली, किंवा तेजोमेघातली बारीक नक्षी तारे समजून पुसली गेली, की सगळा दोष मास्कच्या माथी जातो. मग स्लायडर डावीकडं-उजवीकडं ओढण्यात रात्र जाते. खरं तर मास्क मूळ फोटोतूनच निघतो, त्यामुळं मूळ फोटोत जे बिघडलंय तेच मास्कमध्ये जास्त ठळक होऊन दिसतं. ग्रेडियंट, म्हणजे एका बाजूनं चढत जाणारा उजेड, काढलेला नसतो, हॉट पिक्सेल, म्हणजे तारा नसतानाही चमकणारे सेन्सरवरचे ठिपके, राहून गेलेले असतात, नाहीतर तारे लांबट आलेले असतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मास्क नीट वाचायचा, मग मूळ फोटोत मागं जाऊन कारण शोधायचं, आणि स्लायडरला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

खालची माहिती सिरिल आणि पिक्सइनसाइट (आकाशाच्या फोटोंच्या प्रोसेसिंगसाठी), गिम्प (साध्या फोटो एडिटिंगसाठी) आणि स्टारनेट (फोटोतून तारे काढून टाकणारं) ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना धरून लिहिली आहे. पिक्सइनसाइट सोडलं तर बाकीची तिन्ही फुकट मिळतात.

मास्क वाचायचा कसा

मास्क हा काळा-पांढरा फोटो असतो. पांढऱ्या जागी तुमची प्रक्रिया पूर्ण लागू होते, काळ्या जागी अजिबात होत नाही, करड्या जागी करडेपणाच्या प्रमाणात होते. पिक्सइनसाइटमध्ये मास्क लावला की झाकलेला, म्हणजे सुरक्षित भाग लाल दिसतो. हे डोक्यात पक्कं नसेल तर उलटा मास्क लावून तासभर काम होतं आणि तारे सोडून सगळं आकाश बदलतं.

मास्क पूर्ण स्क्रीनवर बघून काही कळत नाही. 200 टक्क्यांवर सहा जागा तपासा: चारही कोपरे, सगळ्यात मोठा तारा, आणि तेजोमेघाचा किंवा दीर्घिकेचा सगळ्यात उजळ भाग. नंतर फोटोची एक प्रत घ्या, तिच्यावर मास्क लावा आणि त्यातून भडक लाल रंग भरा. जेवढं लाल झालं तेवढ्यावरच तुमची प्रक्रिया चालणार आहे. कुठला तारा अर्धाच लाल झाला, कुठं ताऱ्याची कड बाहेर राहिली, तेजोमेघाचा कुठला तुकडा उगीच लाल झाला, हे दोन मिनिटांत समोर येतं. ही चाचणी टाळू नका. मास्क नुसता डोळ्यांनी बघून ‘बरा वाटतोय’ म्हणणं फार फसवं असतं.

काही चुका इथंच सापडतात. मास्क बनवल्यावर फोटो क्रॉप केला असेल तर माप जुळत नाही. पिक्सइनसाइट असा मास्क घेतच नाही, पण गिम्पमध्ये लेयर दोन पिक्सेल सरकलेला असला तरी ते निमूट चालतं आणि प्रत्येक ताऱ्याच्या एकाच बाजूला काळी कोर दिसते. मास्क रंगीत असेल तर निळ्या ताऱ्यावर निळ्या चॅनेलमध्ये जास्त आणि लाल चॅनेलमध्ये कमी परिणाम होतो, म्हणून त्याची ल्युमिनन्स, म्हणजे रंग सोडून नुसता उजेड, काढून एकरंगी करून घ्या. आणि मास्क 8 बिटमध्ये साठवू नका. मऊ कडांमध्ये पायऱ्या पडतात. 16 बिट टिफ किंवा 32 बिट फिट्स ठेवा.

मास्क जवळजवळ काळाच निघतो

कारण बहुतेक वेळा एकच असतं: फोटो अजून लिनिअर आहे, म्हणजे स्ट्रेच करून त्यातला अंधूक भाग उजळवलेला नाही. स्टॅक करून, म्हणजे अनेक फ्रेम एकत्र करून, आलेल्या फोटोत पार्श्वभूमी आणि मध्यम तारे अगदी खालच्या किमतींत दाटलेले असतात. स्क्रीनवर उजळ दिसतं ते फक्त दाखवण्यापुरत्या स्ट्रेचमुळं, फाइलमध्ये तसं काही नसतं. पिक्सइनसाइटची स्टारमास्क प्रोसेस ही खरी किंमत वाचते, त्यामुळं तिला दहा-वीस मोठे तारेच सापडतात.

उपाय सोपा आहे. फोटोची प्रत काढा, ती स्ट्रेच करा, तिच्यावरून मास्क बनवा आणि तो मूळ लिनिअर फोटोला लावा. स्टारनेटही स्ट्रेच झालेल्या फोटोंवर काम करायला शिकलेलं आहे. सिरिलमधून ते चालवताना फोटो लिनिअर असेल तर आधी स्ट्रेच करण्याचा (प्री-स्ट्रेच) पर्याय चालू ठेवा, शेवटी लिनिअर परत मिळवण्याचं कामही तोच करतो. स्टारएक्सटर्मिनेटर या तारे काढणाऱ्या दुसऱ्या साधनाला लिनिअर फोटो चालतो.

एका बाजूला तारेच तारे, दुसऱ्या बाजूला नाहीत

हा ग्रेडियंटचा मामला आहे आणि सोलापूरकरांना तो चुकत नाही. नान्नजच्या पुढं शेतात ट्रायपॉड लावला तर शहराचा उजेड दक्षिणेला येतो, नळदुर्गच्या बाजूला गेलात तर पश्चिमेला. ऑक्टोबरनंतर साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो, फडातलं पाचट पेटतं, आणि तो धूर हवेत असला की शहराचा उजेड आणखी वर चढतो. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, विशेषतः होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री, शहराच्या दिशेला कॅमेरा न रोखलेलाच बरा.

मास्क बनवताना एकच थ्रेशोल्ड, म्हणजे कितीपेक्षा उजळ ते तारा धरायचं ती मर्यादा, सगळ्या फोटोला लागतो. 0 म्हणजे काळं आणि 1 म्हणजे पूर्ण पांढरं या मापात उजेडाच्या बाजूला पार्श्वभूमीच 0.30 आणि अंधाराच्या बाजूला 0.12 असेल, तर एका टोकाला गोंगाटही तारा ठरतो आणि दुसऱ्या टोकाला खरे अंधूक तारे गळतात. थ्रेशोल्ड कितीही हलवा, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. हेच या दोषाचं लक्षण.

म्हणून मास्कच्या आधी, लिनिअर अवस्थेत ग्रेडियंट काढा. सिरिलच्या बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनमध्ये उजेड एकाच बाजूनं असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या डिग्रीचा पॉलिनॉमिअल पुरतो. दोन गावांचा उजेड दोन दिशांनी येत असेल तर आरबीएफ हा जास्त लवचिक पर्याय वापरा. नमुन्याचे चौकोन तेजोमेघावर बसलेले असतील तर हातानं काढून टाका, नाहीतर तेजोमेघच ग्रेडियंट समजून वजा होतो. प्रकाशप्रदूषण वाढीव उजेड असतो, त्यामुळं तिथं वजाबाकी निवडा. भागाकार कोपऱ्यातल्या काळसरपणासाठी असतो, आणि त्यासाठीही फ्लॅट, म्हणजे सारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, घेणंच चांगलं. ग्रॅक्सपर्ट हे सॉफ्टवेअरही हे काम छान करतं.

मास्कभर बारीक ठिपके

मास्क 400 टक्क्यांवर न्या. खऱ्या ताऱ्याला उतार असतो: मधे उजळ, भोवती मंद, तीन-चार पिक्सेलपर्यंत पसरलेला. हॉट पिक्सेल एकटा असतो, किंवा डीबेअर (सेन्सरच्या कच्च्या डेटातून रंगीत फोटो बनवणं) झाल्यावर छोट्या अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. मूळ फोटोचे तीन चॅनेल वेगळे करून बघा. ठिपका फक्त लालमध्ये किंवा फक्त निळ्यामध्ये असेल तर तो तारा नाही.

सोलापुरात हा त्रास ऋतूप्रमाणं बदलतो. कूलिंग नसलेल्या कॅमेऱ्याचा डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही सेन्सरमध्ये साचणारा सिग्नल, साधारण दर 6 अंशांना दुप्पट होतो. जानेवारीची रात्र 15 अंशांच्या आसपास आणि मेची 27 च्या आसपास धरली तर तेवढ्याच एक्स्पोजरमध्ये उन्हाळ्यात तो चौपट होतो. जानेवारीत जमलेली मास्कची सेटिंग एप्रिलमध्ये चालत नाही ती यामुळंच.

इथं नॉइज थ्रेशोल्ड वाढवणं हा शेवटचा उपाय. त्यानं ठिपक्यांबरोबर अंधूक तारेही जातात. आधी डार्क, म्हणजे लेन्सला झाकण लावून घेतलेल्या फ्रेम, बघा: 20 ते 30 फ्रेम, तेवढंच एक्स्पोजर, तोच आयएसओ, आणि शक्यतो तेच तापमान. डीएसएलआरचं तापमान रात्रभर बदलत असतं, म्हणून निम्मे डार्क सुरुवातीला आणि निम्मे शेवटी घ्या. कॉस्मेटिक करेक्शन, म्हणजे खराब पिक्सेल दुरुस्त करणं, डीबेअरच्या आधी करा. नंतर केलं तर एका पिक्सेलचा डाग आधीच शेजाऱ्यांत पसरलेला असतो.

डिदरिंग, म्हणजे फ्रेमच्या मधे कॅमेरा किंचित सरकवणं, केलेलं नसेल तर आणखी एक गोष्ट दिसते. पावसाच्या सरीसारखे तिरपे ओरखडे सगळ्या फोटोभर येतात आणि मास्क त्यांना छोट्या ताऱ्यांच्या रांगा समजतो. प्रोसेसिंगमध्ये हे पूर्ण जात नाही. पुढच्या रात्री दर दोन-तीन फ्रेमनंतर कॅमेरा काही पिक्सेल सरकवा, साध्या ट्रॅकरवर हातानं सरकवलात तरी चालेल.

हे सगळं करूनही दाणे उरले तर पिक्सइनसाइटमध्ये नॉइज थ्रेशोल्ड 0.1 वरून 0.2 पर्यंत न्या. उलट अंधूक तारे हवे असतील तर 0.05 च्या आसपास आणा, पण मग गोंगाट मास्कमध्ये शिरतोय का यावर लक्ष ठेवा.

आकडे अंदाजानं टाकू नका, ताऱ्याचं माप घ्या

स्केल (केवढ्या आकारापर्यंतचे तारे पकडायचे), ग्रोथ (ठिपका किती वाढवायचा), ब्लर (कड किती मऊ करायची) हे सगळे आकडे पिक्सेलशी बांधलेले असतात, आणि तुमचा तारा किती पिक्सेलचा आहे हे लेन्सवर ठरतं. दुसऱ्याची सेटिंग उचलून चालत नाही ती यामुळं. एक पिक्सेल आकाशाचे किती आर्कसेकंद व्यापतो, त्याचं सूत्र असं: 206.265 गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये. 3.72 मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा 200 मिमी लेन्सवर असेल तर उत्तर 3.84 येतं. तोच कॅमेरा 750 मिमीच्या न्यूटोनिअन दुर्बिणीवर लावला तर 1.02. पहिल्यात साधा तारा दोन पिक्सेलच्या आसपास असतो, दुसऱ्यात तीन-चार किंवा जास्त.

नेमकं माप सिरिलमध्ये मिळतं. एका मध्यम, न जळालेल्या ताऱ्याभोवती चौकोन ओढा आणि उजव्या क्लिकनं पीएसएफ, म्हणजे ताऱ्याच्या उजेडाचा पसारा, काढा. एफडब्ल्यूएचएम, म्हणजे शिखराच्या निम्म्या उजेडावरची ताऱ्याची रुंदी, समजा 3.5 पिक्सेल आला. मग मध्यम ताऱ्यासाठी मास्कमधल्या पांढऱ्या ठिपक्याचा व्यास त्याच्या दोन ते तीन पट, म्हणजे 7 ते 10 पिक्सेल हवा, कारण स्ट्रेच झाल्यावर तारा एफडब्ल्यूएचएमपेक्षा बराच फुगलेला असतो. कडेचा ब्लर अर्ध्यापासून एक एफडब्ल्यूएचएमपर्यंत, इथं 2 ते 3 पिक्सेल.

पिक्सइनसाइटमधला स्केल म्हणजे वेव्हलेटचे (फोटोतली नक्षी आकारानुसार वेगळी करणाऱ्या गणिताचे) थर: 1, 2, 4, 8, 16 पिक्सेल. स्केल 5 म्हणजे 16 पर्यंत. 200 मिमीच्या फोटोत एवढी गरज नसते. 3 किंवा 4 ठेवला तर तेजोमेघाचे उजळ पुंजके मास्कमध्ये येणं आपोआप कमी होतं. तेजोमेघ मास्कमध्ये घुसतोय अशी तक्रार असेल तर स्केल हीच पहिली शंका.

मोठा तारा कंकणासारखा निघतो

या दोषापाशी जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त फोटो इथंच बिघडतात.

मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे घ्या. त्यांतला पूर्वेकडचा अल्निटाक दुसऱ्या प्रतीचा तारा. शेजारी फ्लेम तेजोमेघ, खाली अश्वमुख तेजोमेघ, म्हणून हिवाळ्यात हुरड्याच्या दिवसांत शेतावर गेलेला प्रत्येक कॅमेरा तिकडं वळतो. स्ट्रेच केलेल्या फोटोत या ताऱ्याच्या मध्यापासून बाहेर एक आडवी रेघ ओढून किमती वाचल्या तर साधारण असं दिसतं: मधले दहा-बारा पिक्सेल सरळ 0.98, मग 0.80, 0.62, 0.47, आणि पुढं हळूहळू 0.30 ला येऊन तेजोमेघात मिसळतं. म्हणजे डोंगराच्या शिखरावर पठार आहे. सेन्सर जळालेला आहे, मधे काहीच चढउतार उरलेला नाही.

वेव्हलेट शोधतो तो बदल. पठारावर बदल नाही, त्यामुळं मधे मास्क 0.1 किंवा 0.2 वर बसतो. कडेला जोरात उतार आहे, तिथं मास्क 0.9 ला जातो. अशानं तयार होतं कंकण. हा मास्क लावून तारे लहान करायला गेलं की कड आत खाल्ली जाते आणि मधला पांढरा गोल तसाच राहतो. तारा बटणासारखा दिसायला लागतो.

स्केल वाढवून हे सुटेल असं वाटतं. 6 किंवा 7 केला तर अल्निटाकचा मधला भाग भरतोही, पण त्याच वेळी फ्लेम तेजोमेघाच्या काळ्या फांद्यांमधले उजळ तुकडे तारे म्हणून आत येतात. एकाच मास्कमध्ये छोटे आणि मोठे तारे दोन्ही पकडायचा हट्ट सोडा. दोन मास्क बनवा.

पहिला छोट्या-मध्यम ताऱ्यांचा, स्केल 3 किंवा 4, वर सांगितल्याप्रमाणं. दुसरा फक्त मोठ्यांचा: ल्युमिनन्सवर रेंज सिलेक्शन चालवा, खालची मर्यादा 0.85, वरची 1. वेव्हलेट नसल्यामुळं इथं जळालेला भाग भरीव गोल म्हणून मिळतो. त्यात एम 42 या मृगातल्या तेजोमेघाचा गाभा किंवा देवयानी दीर्घिकेचा मध्य आला तर हातानं काळा करा, गिम्पमध्ये ब्रशनं हे दोन मिनिटांचं काम आहे. मग हे गोल 4 ते 6 पिक्सेल वाढवा आणि 4 ते 5 पिक्सेल ब्लर द्या. शेवटी पिक्सइनसाइटच्या पिक्सेलमॅथमध्ये मॅक्स फंक्शननं दोन्ही एकत्र करा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला दोघांपैकी मोठी किंमत मिळते. बेरीज करू नका. जिथं दोन्ही मास्क एकमेकांवर येतात तिथं किमती 1 च्या वर जाऊन मऊ कड कापली जाते. गिम्पमध्ये हेच काम ‘लायटन ओन्ली’ लेयर मोड करतो.

कृत्तिकांमध्ये मात्र मोठ्या ताऱ्यांचा मास्क जेमतेमच वाढवा. तिथं ताऱ्याभोवतीचं निळं धुकं खरं असतं, ताऱ्याच्याच उजेडानं उजळलेली धूळ असते ती. मास्क फार वाढवला तर तीच गमावून बसाल. उलट मार्चनंतर सोलापूरच्या हवेत धूळ चढली की कोणत्याही उजळ ताऱ्याभोवती पसरट फिकट वलय दिसतं. ते हवेचं असतं आणि मास्कमध्ये यायला हवं. दोन्हींत फरक ओळखायची खूण: हवेचं वलय सगळ्या उजळ ताऱ्यांना प्रतीच्या प्रमाणात सारखंच असतं आणि गोल असतं. तेजोमेघाला धागे असतात, आणि तो एका बाजूला जास्त असतो.

ताऱ्याभोवती कडं राहतं

कडं काळं आहे की उजळ, हे आधी ठरवा, कारण दोन्हींचे इलाज उलटे आहेत.

उजळ कडं म्हणजे मास्क ताऱ्यापेक्षा लहान पडला. गाभा आकसला, बाहेरचा उजेड जागेवर राहिला. पांढरा भाग 1-2 पिक्सेल वाढवा.

काळं कडं म्हणजे मास्कची कड फार कडक, किंवा प्रक्रियाच फार जोराची. बायनराइझ (मास्क फक्त काळा किंवा पांढरा करणारा पर्याय) चालू राहिलं असेल तर ते बंद करा आणि ब्लर वाढवा. मॉर्फॉलॉजिकल ट्रान्सफॉर्मेशननं तारे लहान करत असाल तर 5 चा आकार आणि पूर्ण ताकद एकदम लावू नका. 3 चा आकार, अमाउंट 0.3 च्या आसपास, एक-दोन वेळा, इतकंच. शार्पनिंगच्या वेळी काळं कडं आलं असेल तर तारे मास्कनं झाकायला हवे होते आणि ते पुरेसे झाकले गेले नाहीत, म्हणजे तिथंही मास्कमधले ताऱ्यांचे ठिपके वाढवून मग तो उलटा करायचीच गरज असते.

जांभळं कडं मास्कचं नव्हे, लेन्सचं. साध्या लेन्सला निळा आणि लाल रंग एकाच ठिकाणी फोकस करता येत नाही. अशा वेळी मास्क निळ्या चॅनेलवरून बनवा, कारण फुगलेला तारा तिथं सगळ्यात मोठा असतो, आणि त्या मास्कमधून फक्त जांभळ्याची सॅच्युरेशन उतरवा.

सगळ्या ताऱ्यांना एकाच बाजूला शेपूट उरतं

ग्रोथ गोल वाढतो आणि तुमचा तारा लांबट आहे, म्हणून शेपूट मास्कच्या बाहेर पडतं. शेपट्या सगळ्या फोटोभर एकाच दिशेला असतील तर ट्रॅकिंगचा दोष. कोपऱ्यांत केंद्रापासून बाहेर पसरत असतील तर लेन्सचा कोमा नावाचा दोष, तो एफ 2.8 वरून एफ 4 केला की बराच कमी होतो.

ट्रॅकिंगच्या दोषाचं मूळ पुष्कळदा ध्रुवीय जुळणीत, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडं रोखण्यात असतं. सोलापूरचा अक्षांश 17.7 अंशांच्या जवळपास असल्यामुळं ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. शेजारचं एखादं झाड किंवा धुरकट हवाही त्याला झाकते. इतक्या खाली वातावरणाच्या अपवर्तनानं ध्रुव सुमारे 3 आर्कमिनिट वर उचललेला दिसतो, तेव्हा जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अपवर्तनाचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. आणि स्टॅक करण्याआधी सिरिलच्या आलेखात राउंडनेस, म्हणजे ताऱ्यांचा गोलपणा (1 म्हणजे पूर्ण गोल), बघून खराब फ्रेम काढून टाका. 0.75 च्या खालची फ्रेम ठेवण्यात अर्थ नाही. पाच मिनिटांचा डेटा गेला तरी चालेल, पण त्यानं पुढं मास्कमध्ये रात्र जाणार नाही.

स्टारनेट वापरल्यावर तारे परत ठेवताना फिके पडतात

आता बरेच जण मास्क हातानं न बनवता फोटोचे दोन भाग करतात: एक स्टारलेस, म्हणजे तारे काढलेला, एक नुसत्या ताऱ्यांचा. चांगली पद्धत आहे, पण गणित जुळलं पाहिजे.

ताऱ्यांचा फोटो साध्या वजाबाकीनं काढला असेल तर तो बेरजेनंच परत ठेवायचा. स्क्रीन मोडनं ठेवलात तर तेजोमेघावरचे तारे फिके पडतात. एक पिक्सेल घेऊन बघा. मूळ किंमत 0.90, स्टारलेस 0.30. वजाबाकी 0.60. हा 0.60 स्क्रीननं परत ठेवला: 1 वजा (0.40 गुणिले 0.70), म्हणजे 0.72. तारा 0.90 चा 0.72 झाला, आणि तुम्ही अजून काहीच केलेलं नाही.

स्क्रीनच वापरायचा असेल तर काढतानाही त्याचंच उलट सूत्र लावा: (मूळ वजा स्टारलेस) भागिले (1 वजा स्टारलेस). इथं 0.60 भागिले 0.70, म्हणजे 0.857. स्क्रीननं परत ठेवला की बरोबर 0.90. स्ट्रेच केलेल्या फोटोसाठी ही पद्धत जास्त बरी, कारण नंतर तारे कमी-जास्त केले तरी किमती 1 च्या वर जात नाहीत. स्टारएक्सटर्मिनेटरमध्ये यासाठी अनस्क्रीनची खूण आहे. लिनिअर फोटोवर ती लावू नका, तिथं वजाबाकी आणि बेरीजच खरी.

साधन कुठलंही असो, एक तपासणी करा. काहीही न बदलता दोन्ही भाग परत जोडा, मूळ फोटोतून वजा करा आणि उरलेलं जोरात स्ट्रेच करा. पूर्ण काळं आलं तरच पुढं चला.

स्टारलेसमध्ये ताऱ्यांचे डाग राहतात त्याची कारणं वेगवेगळी. जेपीजी दिला असेल तर त्याच्या 8 गुणिले 8 च्या चौकटी ताऱ्याभोवती उमटतात, टिफ द्या. तारे फार मोठे असतील, म्हणजे लांब फोकल लेंथ आणि बारीक पिक्सेल, तर फोटो निम्मा करून चालवून बघा. तारे फार बारीक असतील तर सिरिलमधला दुप्पट मोठा करून चालवण्याचा पर्याय लावा. साध्या लॅपटॉपला वेळ लागेल, लागू द्या. आणि ताऱ्याचे किरण राहतात ते हातानंच पुसावे लागतात. लेन्सच्या अपर्चरला 7 पाती असतील तर उजळ ताऱ्याला 14 किरण येतात. पुढच्या वेळी पाती न मिटता लेन्ससमोर लहान गोल छिद्राची रिंग लावली तर ते येतच नाहीत.

नुसत्या गिम्पवर मास्क

1. फोटो 32 बिट फ्लोटमध्ये ठेवा. लेयरची प्रत काढून ल्युमिनन्सनं रंगहीन करा.
2. तिची आणखी एक प्रत काढून वर ठेवा आणि तिला मीडियन ब्लर द्या. ब्लर ज्या गोल भागावर चालतो त्याच्या निम्म्याहून कमी जागा व्यापणारा तारा मीडियननं नाहीसा होतो, म्हणून ब्लरची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या दीडपट घ्या. 8 पिक्सेल त्रिज्येच्या ताऱ्याला 12.
3. वरच्या लेयरचा मोड सबट्रॅक्ट करा आणि ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’नं नवा लेयर काढा. आता बहुतेक तारेच उरलेले दिसतील.
4. लेव्हल्समध्ये काळा बिंदू गोंगाट जाईपर्यंतच वर आणा, पांढरा बिंदू मध्यम तारे पूर्ण पांढरे होईपर्यंत खाली.
5. डायलेट एक ते तीन वेळा, मग गॉशियन ब्लर 1.5 ते 2.5.
6. हा लेयर कॉपी करून कामाच्या लेयरच्या मास्कमध्ये पेस्ट करा आणि अँकर करा. अँकर विसरलात तर मास्क लागलेलाच नसतो.

चौथ्या पायरीत घाई होते. पांढरा बिंदू पुरेसा खाली न आणल्यामुळं ताऱ्यांचे मध्य 0.6 वर राहतात आणि मग ‘परिणाम अर्धाच होतोय’ असं वाटून लोक प्रक्रियेचा जोर दुप्पट करतात. आयड्रॉपरनं ताऱ्याचा मध्य वाचा, 0.95 च्या खाली नको.

दक्षिणेकडचे तारे आणि नरतुरंगातला गुच्छ

आपल्याकडून दक्षिणेचं आकाश पुण्या-नाशिकपेक्षाही जरा जास्त उघडं आहे, आणि त्याचा मोह होणं साहजिक आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ एप्रिलच्या मध्यात मध्यरात्रीच्या सुमारास सोलापूरहून 25 अंशांपर्यंत वर येतो. शहराचा उजेड पाठीशी ठेवायचा तर मंद्रूपच्या बाजूला, शहराच्या दक्षिणेला जा.

25 अंशांवर हवा प्रिझमसारखी वागते. निळा उजेड आणि लाल उजेड यांच्या जागांत सुमारे 3 आर्कसेकंदांचा फरक पडतो. 200 मिमीवर हा एका पिक्सेलच्याही आत असतो, पण 750 मिमीवर तीन पिक्सेल होतात. प्रत्येक ताऱ्याला वर निळी आणि खाली लाल कोर दिसते, आणि एका चॅनेलवरून बनवलेला मास्क दुसऱ्या चॅनेलच्या ताऱ्यावर बसत नाही. मास्कच्या आधी सिरिलमधल्या आरजीबी अलाइनमेंटनं तिन्ही चॅनेल एकमेकांवर आणा.

आणि या गुच्छावर स्टारनेट चालवूच नका. इथं तारे हाच विषय आहे. मध्यभागी ते इतके दाट आहेत की काही तारे काढले जातात, काही गाळासारखे मागं राहतात, आणि परत जोडल्यावर गाभ्यात चिकटपणा दिसतो. त्याऐवजी रेंज सिलेक्शननं फक्त गाभ्याचा मास्क करा, खालची मर्यादा 0.6 च्या आसपास, कड भरपूर मऊ, 20-25 पिक्सेल, आणि त्यातून उजेड थोडा उतरवा. देवयानीजवळच्या एम 32 चंही असंच. ती छोटी दीर्घिका आहे, पण स्टारनेट पुष्कळदा तिचा गाभा तारा समजून उचलतं. स्टारलेस फोटोत तिच्या जागी पोकळ धूसर डाग दिसला, तर ताऱ्यांच्या फोटोतला तेवढा गोल कापून स्टारलेसमध्ये परत मिळवा, आणि मगच स्टारलेसला शार्पनिंग द्या.